आधी महिना, मग दिवस

आमच्या मागच्या खोलीत एक यंत्र होतं, आणि ते तिथे नव्हतं. दिसायला नुसता एक लॅपटॉप, मुलीने नवा घेतल्यावर आमच्याकडे टाकलेला, एक बिजागरी मोडकी. पण आमच्या ह्यांना विचाराल तर त्या लॅपटॉपच्या पोटात गिरणीतला जुना मिनीकॉम्प्युटर होता, दोन कपाटांएवढा. त्याच्यासाठी अख्ख्या कापड गिरणीत एकच खोली थंड ठेवलेली असायची आणि त्याच्यासमोर बसून ह्यांनी ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढली. तो खरा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. भंगारवाल्याने हातोड्याने फोडून तांबं वेगळं केलं, ते ह्यांनी फाटकाशी उभं राहून पाहिलं आणि घरी येऊन जेवले नाहीत. माझे वडील गेले त्या दिवशी जेवले होते.

एम्युलेटर म्हणतात त्याला. ह्यांनी मला समजावून सांगितलं होतं, मी न विचारता. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं, आणि ते इतकं हुबेहूब की आत चालणाऱ्या जुन्या सिस्टीमला कळतसुद्धा नाही आपण कुणाच्या पोटात आहोत. ती बिचारी समजते की अजून गिरणी चालू आहे, अजून माहिती साठवायची फीत फिरते आहे. मी म्हटलं, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. हे हसले नाहीत. ह्यांचे देशोदेशीचे मित्र होते, असेच निवृत्त झालेले, कुणी बँकेतला, कुणी कागद कारखान्यातला. जुन्या फितींच्या नकला ते एकमेकांना ईमेलने पाठवायचे, आणि तसं काही आलं की हे दिवसभर खुशीत असायचे.

सकाळी आंघोळ झाली की हे इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत जायचे. घरातल्या घरात इस्त्री. सिस्टीम सुरू झाली की पहिला प्रश्न एकच विचारायची, आज तारीख काय? तिला चालू साल पचत नसे, कारण ती बनवली तेव्हा इतकं पुढचं कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून हे कॅलेंडर जुळवून एखादं जुनं साल द्यायचे, ज्यात वार आजच्यासारखेच पडतात. मग आत ह्यांनी आठवणीतून पुन्हा उभा केलेला गिरणीचा रंगखाता. शेवाळी, विटकरी, मोरपंखी, राखाडी, प्रत्येक छटेची कृती, कोणता रंग किती, पाणी किती गरम, किती वेळ. धागा भिजत नव्हता, पण हिशेब चोख होता.

बंद करतानाची तर वेगळीच तऱ्हा. खऱ्या गिरणीत त्या यंत्राला जोडलेले बरेच पडदे होते, रंगखात्यात, कोठारात, साहेबांच्या केबिनमध्ये. म्हणून बंद करायच्या आधी सगळ्या पडद्यांवर सूचना पाठवायची, पाच मिनिटांत यंत्र बंद होत आहे, कामं आटपा. आणि पाच मिनिटं थांबायचं. हे मागच्या खोलीत बसून अजूनही ती सूचना पाठवायचे आणि गुडघ्यावर हात ठेवून थांबायचे. एकदा जेवण गार होत होतं म्हणून मी विचारलं, अहो, आहे कोण तिकडे? तर म्हणाले, "कुणी आत असेल तर? अर्धं काम बुडेल त्याचं."

माझ्या भावाला गिरणीतून काढलं तेव्हा त्याचं किती काम बुडालं, ते कुणी मोजलं नाही. त्याला तर पाच मिनिटंही दिली नव्हती.

धाकटा माझ्यापेक्षा बराच लहान. हुशार, पण एका जागी न टिकणारा. मी ह्यांच्या मागे लागून लागून त्याला गिरणीत ह्यांच्या हाताखाली लावून घेतलं. वाटलं होतं, दाजींच्या हाताखाली राहील, माणसात येईल. आणि तो आलाही. ह्यांच्यासारखीच इस्त्री करायला लागला. दर सोमवारी, सुट्टीनंतर यंत्र सुरू व्हायचं तेव्हा, हे तारीख घालून पुढच्या कामाला जायचे आणि धाकटा खुर्चीत बसायचा. त्याची कामं दोन. आधी साफसफाईचा प्रोग्रॅम चालवायचा, म्हणजे सहा महिन्यांत जिला कुणी हात लावला नाही अशी सगळी साठवलेली माहिती यंत्र पुसून टाकणार. मग जे उरेल त्याची फितीवर नक्कल करायची. फीत एकच होती, तीच पुन्हा पुन्हा वापरायची, कारण खरेदी विभागाला दुसरी फीत म्हणजे चैन वाटायची.

मार्च महिन्यातल्या एका सोमवारी धाकट्याने नेहमीसारखा प्रोग्रॅम चालवला, नेहमीसारखी फीत भरली, आणि दुपारी रंगखात्यातून रंगमास्तर धावत वर आला. पडद्यावर एकही छटा नव्हती. गिरणीच्या सगळ्या रंगांच्या कृती गेल्या होत्या, आणि फितीवर त्या नसल्याचीच नक्कल झाली होती. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, उलटंपालटं पाहिलं आणि हात झटकले. एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. मग खरेदी विभागाने पेटीभर फिती आणल्या. बैल गेला नि झोपा केला.

चौकशी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये झाली. धाकटा एकच सांगत होता, मी दर सोमवारी जे दाबतो तेच दाबलं. साहेबांनी ह्यांना विचारलं, यंत्र आपणहून असं करू शकतं का? आणि ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, माझ्या भावाच्या शेजारी उभं राहून सांगितलं, "यंत्र चुकत नाही. त्याला जे सांगितलं तेवढंच ते करतं." झालं. कळ धाकट्याने दाबलेली. संध्याकाळच्या आत त्याचा हिशेब करून त्याला फाटकाबाहेर घालवलं.

हे खोटं बोलले नव्हते, ते मी तेव्हाही मानत होते. ह्यांना खरंच तसं वाटत होतं. यंत्रावरचा विश्वास जास्त होता, मेहुण्यावरचा कमी. मी रडले, पण रडणं म्हणजे काही बाजू घेणं नव्हे. ज्या छपराखाली राहायचं त्याला किती दगड मारणार?

ज्याने एका दिवसात गिरणीचे रंग पुसले त्याला दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर कोण बसवणार? धाकटा गोदामात राहिला, कुठे कुठे राहिला, शेवटी शहराबाहेरच्या वजनकाट्यावर लागला. ट्रक काट्यावर चढतो, हा कळ दाबतो, वजनाची चिठ्ठी बाहेर येते. आमच्या घरची पायरी तो पुन्हा चढला नाही. आई गेली तेव्हा तो एका बाजूला उभा होता, आम्ही दुसऱ्या बाजूला. मी त्याच्या खोलीवर अधूनमधून जायची. बाहेर पडताना तो कुलूप ओढून पाहायचा, चार पावलं गेला की परत येऊन ओढायचा. गॅसचं बटण बंद आहे का, ते मला बघायला सांगायचा. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. मी म्हणायची, अरे बंद आहे. तो म्हणायचा, तू बघितलंस ना, मग ठीक.

हे सगळं इतकी वर्षं निजून होतं. उठवलं ते ह्यांच्या परदेशातल्या एका मित्राने. त्याला कुठल्याशा कॉलेजच्या अडगळीत त्या सिस्टीमची पुढची आवृत्ती सापडली, ती त्याने ह्यांना पाठवली. तोवर हे जुनी आवृत्ती चालवत होते. ही नवी म्हणजे गिरणीत अगदी शेवटी शेवटी आलेली, त्या मार्चच्या जरा आधी इंजिनिअरने बसवलेली. ह्यांचा आनंद गगनात मावेना. सगळ्या छटा तिच्यात भरल्या. जानेवारीची अठ्ठावीस तारीख होती. मागच्या खोलीतून ह्यांचं हसू ऐकू आलं म्हणून मी डोकावले, तर म्हणाले, "बघ, तारीख घेत नाही. हिला महिना आधी लागायचा, दिवस नंतर. विसरलोच होतो." जुनीला आपल्यासारखा आधी दिवस चालायचा. नवीला अठ्ठावीस-एक दिलं तर ती म्हणणार, अठ्ठावीस नंबरचा महिना कुठून आणू? ह्यांनी उलटं करून दिलं आणि कामाला लागले.

मग आम्ही मुलीकडे गेलो, ते दहा फेब्रुवारीला परतलो. हातपाय धुऊन हे सरळ मागच्या खोलीत. इस्त्री नव्हती त्या दिवशी. मी चहा घेऊन गेले तर हे पडद्याकडे बघत बसलेले. कप ठेवला, तरी मान वळली नाही. थोड्या वेळाने बाहेर आले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि आत घेऊन गेले. चहा तसाच गार झाला. मी कप उचलायला गेले तेव्हा हे म्हणाले, "रंग गेले."

मला वाटलं, खेळणं मोडलं. मी म्हटलं, पुन्हा भरा. तर ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मला कधी बसवलं नव्हतं. कॅलेंडर मांडीवर ठेवून बोट लावून दाखवलं. सवयीने ह्यांनी आज दहा-दोन दिलं होतं आणि साफसफाईचा प्रोग्रॅम चालवला होता. दहावा महिना असतो, म्हणून सिस्टीमने तक्रार केली नाही, मुकाट मानलं की आज दोन ऑक्टोबर. जानेवारीत भरलेल्या छटा तिच्या लेखी आठ महिन्यांच्या शिळ्या झाल्या. हात लावलेला नाही, पुसून टाका. साफसफाईने नेमकं तिला नेमून दिलेलं काम केलं.

मी म्हटलं, मग? मला अजून कळलं नव्हतं. ह्यांनी मार्चचं पान काढलं. त्या सालीही वार असेच पडले होते. इंजिनिअरने नवी आवृत्ती बसवल्यावरच्या पहिल्या सोमवारी फेब्रुवारीची पंचवीस तारीख होती. यंत्राने ह्यांना अडवलं, ह्यांनी उलटं करून दिलं आणि मनाशी ठरवलं, चुकलो तर यंत्र सांगेलच. पुढचा सोमवार मार्चची चार तारीख. चार-तीन दिलं, यंत्राला ते तीन एप्रिल वाटलं, महिनाभराच्या फरकाने काही बिघडलं नाही. त्याच्या पुढचा सोमवार अकरा तारीख. अकरा-तीन. यंत्रात तीन नोव्हेंबर उजाडला. आणि हे तारीख घालून उठले आणि धाकटा त्या खुर्चीत बसला.

"इंजिनिअरने परत सुरू करताना तारीख बरोबर घातली," हे म्हणाले. "म्हणून कुणाला दिसलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच माझ्या मनात आलं. ह्यांनी छटा पुन्हा भरल्या, पुन्हा चुकीची तारीख दिली, पुन्हा पुसल्या गेल्या. दोन दिवस हे तेच करत बसले. दुसरं कुठलं तरी कारण सापडेल म्हणून शोधत होते, ते मला दिसत होतं. सापडलं नाही. मग जेवताना म्हणाले, आता कुणाला सांगून काय होणार? गिरणी राहिली नाही, साहेब राहिले नाहीत.

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते, आणि मग परत इथेच येईन की नाही ते बघते. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. खरंच गेले असते की नाही, देव जाणे.

बसने शहराबाहेर गेलो. ह्यांनी लॅपटॉप मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी. वजनकाट्याची केबिन म्हणजे काचेची एक खिडकी, एक टेबल, चिठ्ठ्या छापणारं यंत्र, आणि सगळ्यावर ट्रकची धूळ. धाकट्याने ह्यांना पाहिलं आणि उठला नाही. मला म्हणाला, "ताई, बस." खुर्ची एकच होती, ती त्याने मला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. ह्यांना कुणी बस म्हटलं नाही.

माफी मागायची रीत ह्यांना ठाऊक नाही. ह्यांनी धूळ पुसून लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उघडला. हिरवी अक्षरं आली, तारखेचा प्रश्न आला, तसा धाकटा भिंतीपासून सुटा झाला. त्याने काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. ओळखलं. ह्यांनी छटांची यादी दाखवली, बंद करून पुन्हा सुरू केलं, अकरा-तीन घातलं, साफसफाई चालवली, पुन्हा यादी मागितली. यादी रिकामी. मग थोडक्यात, यंत्राबद्दल बोलतात त्या आवाजात, सांगितलं.

"तारीख चुकली," हे शेवटी म्हणाले.

"तारीख आपण होऊन चुकते का, दाजी?" धाकटा म्हणाला. "यंत्र तर चुकत नाही ना?"

ह्यांची मान खाली गेली. "माझी चुकली," हे म्हणाले.

बाहेर ट्रक काट्यावर चढला होता. धाकट्याने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं. मग तो बोलायला लागला. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"रंग गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात रंगखात्याच्या चिठ्ठ्यांवर एप्रिल छापलं जायचं. मास्तर पेनने खोडायचे. मला वाटलं, मास्तरांचं काहीतरी खूळ. पहिली काही वर्षं मी भांडायचो, मी बरोबर दाबलं म्हणून. मग वाटायला लागलं, सगळे म्हणतात तर काहीतरी दाबलं असेल. मग ते मला आठवायला लागलं, दाजी. बोट कुठे चुकलं ते. शेजारच्या कळीवर गेलेलं. अजून दिसतं मला. आणि ते घडलंच नव्हतं."

हे काहीतरी म्हणायला गेले. धाकट्याने हात वर केला.

"आई विचारायची. शेवटच्या आजारातसुद्धा. नक्की काय दाबलंस रे? मी तिला सांगितलं, आई, चुकलं माझं. तिला बरं वाटावं म्हणून नाही. मला तसंच आठवत होतं."

मी रडायला लागले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ट्रकवाल्याने हॉर्न धरून ठेवला. धाकट्याने कळ दाबली, चिठ्ठी फाडली, खिडकीतून दिली. मग ह्यांना म्हणाला, छटा परत भरा. ह्यांनी तिथेच उभ्याने भरल्या, निदान जेवढ्या भराभर जमल्या तेवढ्या. तारीख या वेळी धाकट्याने घातली, महिना आधी. साफसफाईची कळही त्यानेच दाबली, एका बोटाने, सावकाश. यादी मागितली. शेवाळी होती, विटकरी होती, मोरपंखी होती. तो एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेला.

"हे इथेच ठेवून जा," तो म्हणाला.

ह्यांचा हात लॅपटॉपच्या झाकणावर होता. दुसरं काही मागितलं असतं, घर मागितलं असतं तरी हे इतके दचकले नसते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हात काढला. दारातून मात्र राहवलं नाही, मागे वळून म्हणाले, बंद करताना आधी सूचना...

"पाच मिनिटं. माहीत आहे," धाकटा म्हणाला.

वरातीमागून घोडं नेलं आम्ही, आणि तेही तिथेच बांधून आलो. परतीच्या बसमध्ये ह्यांचे हात मांडीवर मोकळे होते. आता सकाळी हे आंघोळ करतात, शर्ट घालतात आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. इस्त्री बंद झाली. मुलगी म्हणाली, बाबांना दुसरा लॅपटॉप देते. हे नको म्हणाले. मला ह्यांची दया येते, आणि दया आली की माझाच राग येतो. दोन्ही एकाच ताटात वाढून मी रोज ह्यांच्यासमोर ठेवते.

उन्हाळ्यात मी एकटी धाकट्याकडे गेले. म्हटलं, आता तरी कुलूप एकदाच ओढत असेल. वजनकाट्यावर सकाळची गर्दी होती, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. तो टेबलाशी वाकून बसलेला. लॅपटॉपची मोडकी बिजागरी तारेने आवळलेली. तोंडातल्या तोंडात म्हणत होता, आधी महिना, मग दिवस. तारीख घातली, पुन्हा वाचली, पुन्हा वाचली. मला म्हणाला, ताई, बघ ग, बरोबर आहे? मी बघितलं. बरोबर होती. मग त्याने कळ दाबली आणि श्वास धरून बसला. बाहेर हॉर्नवर हॉर्न वाजत होते. एक ड्रायव्हर खाली उतरून काचेवर ठोकायला लागला.

यादी आली. धाकट्याने पडदा माझ्याकडे वळवला.

"राहतात बघ, ताई," तो म्हणाला. "रोज राहतात."